स्टेला आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहे

कोल्हार, दवाखान्याचं वर्कशॉप
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप राहीवहिनींना एलियाचा दोन्ही हात जोडून सलाम.

तुमचे गुडघे बरे असतील अशी आशा करतो. भाताची सोंगणी उरकली का, थंडी वाढली का, आणि त्या मारक्या गाईला गिऱ्हाईक मिळालं का, हे सगळं विचारायचं होतं. पण सोमवारी संध्याकाळी मी फोन करून छगनदादांचं नाव काढलं तेव्हा तुम्ही "एल्या, तू बी त्यातलाच निघालास" एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. तेव्हापासून माझा फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या गावचा कल्याण जीपवाला पेशंट सोडायला आलाय आणि बाहेर चहा पीत थांबलाय. त्याचा चहा संपायच्या आत मला सगळं लिहायचंय. (रेश्मा, पोरी, सासूबाईंना हे मोठ्यानं वाचून दाखव. कंसातलं मात्र मनात वाच.)

पहिली गोष्ट म्हणजे दादा कुठंही गेलेले नाहीत. संगमनेरला डोळे दाखवून येतो असं सांगून ते निघाले, ते थेट इथं दवाखान्यात आले, आणि इथंच सुखरूप आहेत. तुम्ही त्यांना जेवायला वाढत नव्हता तितकं इथं वाढतात. (हे वाक्य वाचू नकोस गं, गाळ.) दुसरी गोष्ट म्हणजे ती स्टेला. तिच्याबद्दल तुमच्या मनात जे आलंय ते कुणाच्याही मनात आलं असतं. चार महिने नवऱ्याचा मोबाईल वाजतो, नवरा तो घेऊन गोठ्यामागं जातो, हसत परत येतो, आणि सुनेनं तो हातात घेऊन वाचला तर त्यात लिहिलेलं, 'स्टेला आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.' माझ्या बायकोनं असलं वाचलं असतं तर मी आज कोल्हारच्या पुलाखाली राहत असतो. पण वहिनी, ते स्टेलानं लिहिलेलं नाही. ते सॉफ्टवेअरनं लिहिलंय. आणि त्यात चूक असलीच तर ती माझी आहे.

आता हे सॉफ्टवेअर काय ते सांगतो. दादा मेंटेनन्सला होते तेव्हा कसं होतं तुम्हाला ठाऊकच आहे. वॉर्डातला पंखा बंद पडला की कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, "छगनराव, पंखा!" आणि दादा शिडी घेऊन निघायचे, मी मागून पाना आणि पक्कड घेऊन. झालं काम. यंदा ट्रस्टच्या साहेबांनी ठरवलं की दवाखाना आधुनिक झाला पाहिजे. पुण्याहून एक चुणचुणीत माणूस आला, त्यानं आम्हाला सभागृहात बसवून बिस्किटं दिली आणि सांगितलं की इथून पुढं ओरडायचं नाही. नळ गळतोय? मोबाईलवर वर्क ऑर्डर काढायची. कुठला नळ, कुठल्या खोलीतला, किती तातडीचा, त्याचा फोटो. मग ज्याच्या नावावर ते काम असेल त्याला मेसेज जातो. त्यानं काम करायचं, पुन्हा फोटो काढायचा आणि ऑर्डर बंद करायची. वेळेत नाही केली तर ती लाल होते, आणि लाल झाली की साहेबांना कळतं. आमच्यातला बजरंग फिटर पहिल्या आठवड्यात इतके फोटो काढत फिरला, की पेशंटांना वाटलं लग्नाचा फोटोग्राफर आलाय.

स्टेला म्हणजे आमच्या मेट्रन. दादा रिटायर झाल्यावर बदलून आल्या, म्हणून तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याही रिटायर होणार आहेत. उंच, करड्या शिस्तीच्या, आणि त्या जिन्यानं वर यायला लागल्या की डॉक्टरसुद्धा हातातला वडा लपवतात. या बाईंना ते सॉफ्टवेअर इतकं आवडलं की पडद्याची कडी निसटली तरी वर्क ऑर्डर, आणि प्रत्येक ऑर्डर 'अतितातडीची'. 'नंतर केलं तरी चालेल' असं एक बटण त्यात आहे, ते त्यांनी आजपर्यंत दाबलेलं नाही.

तर सुरुवातीला ऑफिसातली निकिता यंत्रांची नोंद करत होती. एकेक यंत्राचं नाव घ्यायची आणि विचारायची, हे कुणाकडं? जनरेटर, बजरंग. लिफ्ट, एलिया. मी बोअरच्या मोटारीत हात घालून बसलो होतो. ती म्हणाली, "काका, धुलाईचं मशीन?" आणि वहिनी, इतकी वर्षं त्या मशीनबद्दल कुणीही काहीही विचारलं की मी जे उत्तर देत आलो, तेच तोंडातून निघालं. "छगनदादा." निकिता नवीन मुलगी. तिनं जुन्या हजेरीतून दादांचा नंबर शोधला, टाकला, आणि पुढच्या यंत्राकडं वळली. मलाही पुन्हा आठवलं नाही. आणि त्या दिवसापासून इथं चादर नीट पिळली गेली नाही की तिकडं तुमच्या अंगणात दादांचा मोबाईल वाजायला लागला. स्टेलाबाईंच्या नावानं. अतितातडीनं. बाईंच्या सगळ्याच ऑर्डरी अतितातडीच्या, म्हणून त्या लाल झाल्या तरी साहेबांनी बघणं सोडलं होतं.

मला हे कळलं सोमवारी सकाळी, जेव्हा दादा गेटातून आत आले. अंगात धुतलेला खाकी शर्ट, एका खांद्याला हत्यारांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर तुमच्या आंबेमोहराचं गाठोडं. (घरातला तांदूळ कमी झालाय का ते शोधत असाल तर तो इथं आहे. उरलेला परत पाठवतोय.) मी म्हटलं, दादा, तुम्ही इकडं कसे? तर म्हणाले, "आरं, चार म्हैने बोलावत्यात, मानसानं एकदा तरी यावं का न्हाई?" आणि खिशातून मोबाईल काढून मला दाखवला. मी ते मेसेज वाचले आणि तेव्हा कुठं माझी चूक मला उमगली. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, की दादा, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं? मी बजरंगकडं पाहिलं. बजरंगनं आभाळाकडं पाहिलं. मी म्हटलं, बसा दादा, चहा सांगतो. आणि चहा सांगायला गेलो, तीच माझी दुसरी चूक.

धुलाईची खोली वर्कशॉपला लागून आहे. मशीन चालू होतं. पण ते दादांच्या वेळचं जुनं धूड नव्हे, ते भंगारात गेलं. हे नवं आहे, आणि ते कपडे भिजवण्यासाठी मधेच गप्प उभं राहतं. दादांच्या कानांना मशीन गप्प होणं म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, ते बंद पडलंय. मी चहा घेऊन येईपर्यंत ते जमिनीवर आडवे होऊन मशीनच्या मागं शिरलेले, फक्त पाय बाहेर. ग्रीस भरायची जागा शोधत होते. नव्या मशीनला ती जागाच नसते, पण दादांना न सापडणारी गोष्ट दादा सोडत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगू. त्यांनी मागच्या जाड पाइपाचा पट्टा सैल केला.

वहिनी, त्या मशीनमध्ये अख्ख्या जनरल वॉर्डाच्या चादरी साबणाच्या पाण्यात भिजत होत्या. ते सगळं पाणी एका दमात बाहेर आलं. खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून ओपीडीत. बाकावरच्या पेशंटांनी पाय वर घेतले. राहुरीकडची एक आजी फेस बघून टाळ्या वाजवायला लागली, तिला वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे. आणि त्या फेसातून, घोट्यापर्यंत बुडालेल्या, स्टेलाबाई चालत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. आता ओरडायचं नाही असा नियम आहे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच उभं राहून वर्क ऑर्डर काढली.

मशीनच्या मागून टिंग आवाज आला.

दादांनी आडव्यानंच खिशातून मोबाईल काढला, दुसऱ्या खिशातून चष्मा काढला, तो फेसानं पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि सावकाश वाचलं. मग आतूनच म्हणाले, "आलोच बाई." आणि लगबगीनं बाहेर येऊन उभे राहायला गेले, आणि घसरले. मोबाईल पाण्यात पडला (म्हणून तो लागत नाही, तुमच्यावर रुसून बंद केलेला नाही), आणि पाय जरासा मुरगळला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. स्टेलाबाई पांढऱ्या साडीसकट त्या फेसात खाली बसल्या, दादांचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांनी दाबून बघायला लागल्या. दादा एवढ्या दुखण्यातही हात जोडून त्यांना म्हणाले, "बाई, माफी असावी. तुमी इतक्यांदा वाट पाह्यली आन् मी एकदाबी उत्तर दिलं न्हाई." बाईंना काहीच कळेना. मी कसंबसं सांगितलं, तुमच्या ऑर्डरी चार महिने अकोले तालुक्यातल्या डोंगरात जात होत्या. बाईंनी आपल्या मोबाईलवरचं नाव वाचलं, दादांकडं पाहिलं. मग त्या हसल्या. आमच्या दवाखान्यात त्यांना हसताना पाहिलेला माणूस नव्हता. आता सगळी ओपीडी आहे.

दुपारी दादांना कॉटवर टेकवल्यावर मी शेजारी बसलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. दादा, चूक माझी. तुमचं नाव चुकून पडलं, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तर ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी पहिल्यांदा नटाचा आटा उलटा फिरवला तेव्हा बघितलं होतं. म्हणाले, "मला म्हाईत हाय. मी काय येडा हाय व्हय? रिटायर मानसाला कोन बोलावतं? पन नावानं मेसेज यायचा, बरं वाटायचं." मी विचारलं, मग आलात कशाला? तर म्हणाले, "नाव कमी करायला. तुजी वैनी भाकर वाढायची पन बोलायची न्हाई. दोन बारी सांगाया गेलो, ती उठून गेली. म्हनलं हे नाव तिथूनच काढून टाकू, म्हंजी टिंगटिंग बंद हुईल. पन दारात आलो आन् मशिन चालता चालता बंद पडल्यालं आयकलं. मग काय राह्यवतंय?"

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, वहिनी. एक अक्षर पदरचं घातलेलं नाही. निकितानं लगेच त्यांचं नाव काढायला घेतलं, तर सॉफ्टवेअर म्हणतं, या व्यक्तीकडं कामं बाकी आहेत, आधी ती पूर्ण करा. म्हणून बजरंग आणि मी सोमवारपासून दादांची बाकीची कामं उरकतोय. दादा कॉटवरून आमच्या चुका काढतात.

कल्याणचा चहा संपला. हॉर्न वाजवतोय. घरातल्या सगळ्यांना सलाम, प्रभू तुम्हाला सुखात ठेवो.

तुमचा,
एलिया

ता. क. वर 'पाय जरासा मुरगळला' असं लिहिलंय, ते 'घोट्याचं हाड थोडं चिरलं आणि प्लास्टर घातलंय' असं वाचावं. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही, नीट जुळेल. एवढ्यासाठीच फोन करत होतो.

ता. क. २. आता मुख्य मुद्दा. दादांना न्यायला तुम्ही स्वतः यावं. मुलाला बोलावू का म्हटलं तर नको म्हणाले, कल्याणबरोबर पाठवतो म्हटलं तर तोंड फिरवून झोपले. कल्याण शनिवारी पुन्हा इकडं येतोय, त्याच्या जीपमध्ये पुढची जागा तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. चार दिवस राहायच्या तयारीनं या. स्टेलाबाईंनी आपल्या क्वार्टरमधली खोली झाडून ठेवली आहे आणि तुम्हाला मासे चालतात का असं विचारलंय.

ता. क. ३. पत्र बंद करण्याआधी दादांना वाचून दाखवलं. म्हणाले, एक ओळ माझी घाल: "तिला म्हनावं, तू बोलत न्हवतीस तवा मला त्या घरात करमत न्हवतं." मग जरा वेळानं म्हणाले, "खोड ते. त्यापरीस येताना तंबाखूची पुडी आनाया सांग." दवाखान्यात तंबाखूला बंदी आहे, म्हणून मी पुडीची ओळ खोडली आहे. आधीची तशीच ठेवली आहे.