दाराला केलेला नमस्कार

शॉमबर्ग, रविवार, जुलै

आज आईला पार्कातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला नेलं. युद्धानंतर फ्रान्समध्ये हातानं पत्रा ठोकून घडवलेली, उघड्या टपाची एक निळी गाडी तिला फार आवडली. "स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखं उजवीकडे आहे रे," म्हणाली. म्हाताऱ्या मालकानं तिला हौसेनं आत बसवलं. उतरताना तिची चप्पल दाराला लागली. तिनं लगेच दाराला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"व्हॉट इज शी डूइंग?" मालकानं विचारलं.

पाय लागला म्हणून नमस्कार केला, एवढंच सांगायचं होतं. मी इंग्रजीत म्हणालो, धूळ पुसतेय. का म्हणालो? शेजारी ऑफिसमधले दोघे उभे होते म्हणून? धूळ पुसताना कोणी हात कपाळाला नेतं का?

मालकाला मात्र पटलं. त्यानं हसून तिला एक मऊ फडकं दिलं.

आईला तेवढं इंग्रजी कळतं. वाटलं, आता ती नको म्हणेल. तिनं वाकून दार पुसलं, अगदी नीट, कडेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पुरे का रे, की अजून पुसू?"