ओळखते म्हणून सही

१२ जानेवारी २०१९, शनिवार

दाखवलं! मेल्याने खरंच दाखवलं!

दिवाळीला मावशीचा हिरामण मुंबईहून पेणला आला होता. 'कोर्टाचं मागचं दार' ही गुन्ह्यांची मालिका तोच लिहितो. चिवडा खाता खाता म्हणाला, "सरू, वकील लोक खोटं नेमकं कुठं बोलतात गो?" मी म्हटलं, बोलत नाहीत, लिहितात. आणि त्याला ओळखीची गंमत सांगून टाकली. प्रतिज्ञापत्राच्या खाली कोपऱ्यात वकिलाने लिहायचं, 'प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी ओळखतो', आणि सही ठोकायची. मग नोटरीचा शिक्का. समोर कोण उभं आहे ते बघायला वेळ कुणाला? दिवसाला वीस-वीस कागद. आमच्या बाररूममध्ये ही सही करताना मान वर करणारा वकील मी साडेचार वर्षांत पाहिला नाही. मीही करत नाही.

आणि आज टीव्हीवर! सरनोबत वकील — पांढरे केस, कडक इस्त्री, ज्यांना बघून न्यायाधीशसुद्धा सावरून बसतात — ते फोनवर बोलता बोलता अशीच ओळख करतात. समोर भलताच म्हातारा! खऱ्याची जमीन गेली. आणि हे पकडतो कोण, तर टिल्लू वकील. रसवंतीच्या बाकड्यावर बसणारा, तंबाखू मळणारा, ज्याला बाररूममध्ये कोणी खुर्ची देत नाही.

आईने विचारलं, "असा खराच असता काय गो?"

"मालिका आहे, आई."

"तोंड न बघता सही? आमी कारखान्यात गणपतीचा पण तोंड बघतो."

ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, तिला सगळीकडे तोंडच दिसतं. मी भात कालवला.

१४ जानेवारी, सोमवार

पेणहून रोह्याच्या कोर्टात पोचले तर बाररूम पेटलेली!

सर्वांत जास्त पेटले आमचे हैबतराव सर. चाळीस वर्षांची वकिली, खाली मान घालून नमस्कार घेतात, गावात कुणाच्याही लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची. मी त्यांच्याच ऑफिसात ज्युनिअर. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "आपल्या सनदेचा अपमान आहे हा! सरनोबत म्हणजे कोण? मी! माझ्यासारखाच भांग पाडलाय त्याचा!"

खरं म्हणजे भांग हिरामणने कुठून घेतला ते मला माहीत आहे. माझ्याकडूनच.

महिपती वकील बारचे सेक्रेटरी, शिवाय नोटरी. ते म्हणाले, "हे बाहेरच्या माणसाला सुचणार नाय. घरभेदी आपल्यातच हाय." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पण बघितलं, न बघून कसं चालेल! सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझं कोणी आहे का गं त्या लाइनीत?"

"सर, माझी सगळी माणसं मूर्तीच्या लाइनीत."

खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. चार-पाच वर्षं झाली की वकिलाला हे आपोआप जमतं.

पण घरी येताना नागोठण्यापर्यंत एकच हिशेब मांडत होते. एक फेब्रुवारीला सरांच्या बोर्डावर त्यांच्या नावाखाली माझं नाव लागणार आहे. आईने सगळ्या आळीत सांगून ठेवलंय. घरभेदी मी आहे हे कळलं तर बोर्ड राहू दे, खुर्चीही जायची.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. महिपतींनी सगळ्यांना तिळगूळ दिला. "गोड बोला, आणि टीव्हीवाल्यांशी अजिबात बोलू नका."

१८ जानेवारी, शुक्रवार

हसून हसून पोट दुखतंय, आणि हे सांगायला माणूस नाही. म्हणून इथे.

चॅनलला निषेध पाठवायचा ठरला. सोबत सरांचं प्रतिज्ञापत्र — 'आमच्या व्यवसायात व्यक्तीस समक्ष पाहिल्याशिवाय ओळख दिली जात नाही, असे मी शपथेवर सांगतो.' झकास. महिपतींनी शिक्का काढला. पण शपथ घेणारे कुठे आहेत? सर पेणला, भाचीच्या साखरपुड्याला! कालच कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करून गेलेले. महिपतींनी फोन लावला तर मागे सनई वाजत होती. सर म्हणाले, "घाला मजकूर, आपलंच काम आहे. सरू ओळख देईल."

मी दिली.

म्हणजे मी समक्ष ओळखलेला माणूस त्या वेळी बारा कोसांवर जिलबी खात होता, आणि कागद काय सांगतो, तर असं कधी होतच नाही! हिरामणला हे सांगितलं तर तो म्हणेल, हे नको, लोकांना पटायचं नाही.

२३ जानेवारी, बुधवार

आज एक अशील स्वतःहून आली. थेट माझ्याकडे! सरांकडे नाही.

अमीना, नदीपलीकडच्या अष्टमी गावची. चाळिशीच्या आसपास. नवऱ्यासोबत बारा वर्षं कुवेतला होती, तो वारल्यावर परत आली. म्हणाली, "वकीलबाय, ती मालिका बघितली मी. तसाच माझा झालाय."

अब्बांच्या घराच्या घरपट्टीवरून तिचं नाव गेलंय. भाऊ फारुख सांगतो, तूच तर लिहून दिलंस, हरकत नाही म्हणून, प्रतिज्ञापत्र आहे. आणि आता तो घर विकतोय. "मी नाय दिला लिहून. तवा मी कुवेतला व्हती. ह्यो बघा." पासपोर्ट. चार महिने पिशवीत घेऊन हिंडतेय, कोणी उघडून बघितला नाही. मी बघितला. ऑगस्ट २०१४, ती तिकडे, शिक्के साफ.

म्हणजे दुसरीच कोणी बाई बुरखा घेऊन उभी केली, आणि कुणा शहाण्याने तिला 'ओळखलं'!

"कोण वकील तो, बघतेच मी," असं म्हटलं. फार आवेशात म्हटलं. त्या प्रतिज्ञापत्राच्या नकलेचा अर्ज लगेच टाकला. अमीनाने जाताना माझा हात धरला. घर गेलं तर तिला दुसरं दार नाही, नणंदेकडे पडवीत झोपतेय.

रात्री आईला सांगितलं, या वेळी टिल्लू वकील मी!

२४ जानेवारी, गुरुवार

कोण असेल? महिपती असावेत. देवा, महिपतीच असू देत!

२९ जानेवारी, मंगळवार

नक्कल मिळाली.

सही माझी.

३० जानेवारी, बुधवार

काल पुढे लिहिताच आलं नाही.

१९ ऑगस्ट २०१४. सनद मिळून सव्वा महिना झाला होता. तेव्हा मी सही करताना शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट काढायचे, दोन वेढे देऊन. किती मिरवायचे त्या शेपटीला! कॉलेजच्या वहीत पानं भरून सराव केला होता. त्या कागदावर शेपूट पार नोटरीच्या शिक्क्यात घुसलंय.

तो दिवस आठवतो का? नाही. ती बाई आठवते का? काही नाही. एवढंच आठवतं की त्या दिवसांत सर गठ्ठा पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "कर सही, आपलीच माणसं आहेत." आणि मला वाटायचं, बघा, सर माझ्यावर किती विश्वास टाकतात!

नक्कल सरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली. फारुखचं काम तेव्हा त्यांच्याचकडे होतं. बराच वेळ पेनचं टोपण काढलं-घातलं. मग म्हणाले, "ठेव आत. त्या बाईला दुसरा वकील बघून दे. बोर्ड परवा लागतोय, सरू."

मी ठेवली आत. हो, ठेवली! लाज वाटते लिहायला.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्ड लागला. सरांच्या नावाखाली माझं. रंगाऱ्याने सांगितलं, रंग ओला आहे, दोन दिवस हात लावू नका. आई कारखान्यात रजा टाकून एसटीने आली, पदराने बोर्डाची चौकट पुसली. मी फोटोत हसले आहे.

समोरच्या बाकावर अमीना बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

२ फेब्रुवारी, शनिवार

या गोष्टीचा शेवटचा भाग. सरनोबत निर्दोष! सगळं त्यांच्या कारकुनाने केलं म्हणे. सरनोबतांनी कोर्टात भाषण ठोकलं, टिल्लूने त्यांचे पाय धरले.

हिरामणला फोन केला आणि भांडले. तो म्हणाला, "तुमच्याच बारचा निषेध आला गो, प्रतिज्ञापत्रासकट. वरून सांगितलं, मोठ्या वकिलाला डाग नको. माझी नोकरी हाय." त्या प्रतिज्ञापत्रावर ओळख कुणाची ते त्याने वाचलं नसावं.

आई टीव्ही बंद करत म्हणाली, "ह्यो शेवट काय खरा नाय."

मग आईला सगळं सांगितलं. अमीना, सही, शेपूट. ती हात धूत होती, धूतच राहिली. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "डोळा चुकला तर आमी मूर्ती देत नाय. पुसतो नि परत काढतो."

"आणि मूर्ती गेली असेल तर?"

"मंग गिऱ्हाइकाच्या घरी जायाचा."

४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आधी अष्टमीला गेले. अमीनाला नक्कल दाखवली आणि बोट ठेवलं — ही मी. तुझी वकील मला आता राहता येणार नाही. वकील आणि साक्षीदार एकाच खटल्यात एकच माणूस होत नाही. साक्षीला मात्र उभी राहीन.

तिने धरलेला माझा हात सोडला. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "तुमी मना बघितलाच नाय तवा. आता तरी नीट बघा." मी बघितलं. उजव्या भुवईवर तिला एक जुना व्रण आहे.

मग पूल ओलांडून बाररूमला आले आणि माझं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. 'सदर व्यक्तीस मी ओळखत नव्हते. तरी ओळखते असे लिहून सही केली.' दोन ओळी. सनदेचं काय होईल ते होईल. महिना-दोन महिने? वर्ष? कायमची? ठाऊक नाही. भीती वाटते, खूप.

पण खरी मजा पुढे आहे. या कागदालाही ओळख लागते! कोणातरी वकिलाने लिहायला हवं की मी हिला ओळखतो.

महिपतींनी कागद वाचला — आयुष्यात पहिल्यांदा वाचला असेल! — आणि शिक्का खिशात घातला. "बाई, मी कुणाला ओळखत नाय बुवा." एक जण चहाला गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही. एकाला एकदम चष्मा सापडेना. एकाने तर विचारलं, "आपण पेणच्या ना? फारशी ओळख नाही आपली." साडेचार वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खातोय मेला! दिवसाला वीस अनोळखी माणसांना ओळखणारी ही मंडळी, आणि मला ओळखणारा एक निघाला नाही. इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. नंतर नुसतंच पाणी आलं.

मालिकेवरच्या विजयाचे पेढे सरांतर्फे वाटले गेले. सरांनी स्वतः खाल्ला नाही. त्यांच्या पुढ्यात कागद ठेवून मी निघून आले.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माझा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. मग मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला, "आधार कार्ड." मी दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग लिहिलं — मी हिला ओळखतो. सही.

मी आभार मानून उठले तर म्हणाले, "बस." खणातून दुसरा कागद काढला. स्वतःच्या हाताने लिहिलेला, बराच खाडाखोड केलेला. 'ती सही माझ्या सांगण्यावरून झाली. समोरची बाई अमीना नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक होते.'

ठाऊक होते!

"दे ओळख," सर म्हणाले. आवाज बसला होता. "ओळखतेस ना मला?"

मी हात पुढे केला. "सर, आधार कार्ड."

त्यांनी पाकीट काढलं.