भरायचं राहिलेलं वर्ष

३ मार्च २०२५, सोमवार

बँकेने फाइल परत केली. तीन वर्षांची रिटर्न सलग लागतात. माझी दोनच. २०२१-२२ चं नाही.

"मॅडम, भरलं नाही का सापडून नाही राहिलं?" अधिकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, पाहून सांगते. भरलंच नाही, हे बाहेर आल्यावर जिन्यात आठवलं. त्या वर्षी मी दिघोरीला होते. संघपालची बायको होते. तो म्हणाला होता, "तुझं मी माझ्यासोबत भरून टाकतो, तू कायले डोकं लावते?" मी डोकं लावलं नाही.

तो माणूस सुटला. त्याचं वर्ष सुटत नाही!

हायवेलगतचा गाळा मालकाने ३१ मार्चपर्यंत धरून ठेवलाय. त्याआधी कर्ज मंजूर झालं तर काँक्रीट तपासायची माझी स्वतःची लॅब. नाही झालं तर गाळा वेल्डिंगवाल्याला जाईल, आणि मी कंत्राटदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या सोयीचे आकडे नाकारत बसेन. आणखी किती वर्षं, माहीत नाही.

४ मार्च

नंतरची दोन्ही रिटर्न मी साकोलीतल्या एका दुकानातून भरून घेतली होती. ओटीपी नको म्हणून दोन्ही वेळा सहीचा कागद पोस्टाने बेंगळूरूला पाठवला. दुकान आता बंद. पासवर्ड त्या दुकानदाराकडे होता.

नियम वाचले. दोनदा. इतक्या जुन्या वर्षाच्या रिटर्नला पोस्टाचा कागद चालत नाही. पडताळणी ओटीपीनेच. ओटीपी आधारच्या नंबरवर. आधारला नंबर दिघोरीचा — लग्नानंतर नाव बदललं तेव्हा दिलेला.

ते सिम मी निघताना काढून बुद्धाच्या फोटोखाली ठेवलं होतं. तुमचं तुम्हाला, म्हणून. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

५ मार्च

आधार केंद्रात नंबर बदलायला टाकला. पोचपावतीवर लिहिलंय — तीस दिवसांपर्यंत. माझ्याकडे सव्वीस आहेत.

७ मार्च

त्या जुन्या नंबरवर फोन लावला. वाटलं, बंदच असेल. दुसऱ्या रिंगला उचलला.

"कोन व?"

विमलाबाई. संघपालची आई. तीन वर्षांत पहिल्यांदा. काय म्हणून हाक मारायची ते ठरवलंच नव्हतं. काहीच म्हटलं नाही. मी हर्षा, एवढंच.

"हर्षा? साकोलीची हर्षा?" मग, "जेवली काय?"

मी काम सांगितलं. एक मेसेज येईल, त्यात सहा आकडे असतील, ते वाचून दाखवा, पंधरा मिनिटांत. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चष्मा शोधला, पलीकडे डबे पडल्याचा आवाज आला. चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी आकडे एकेक करून वाचले.

"हे सहा होय का नऊ? गोल वरतं हाय, शेपटी खाली."

"नऊ."

"मंग नऊ. माह्यापेक्षा तुलेच जास्त दिसते तिथून!"

स्वतःच हसल्या. मी हसले नाही. पासवर्ड बदलला गेला. सिम अजून चालू कसं, असं विचारलं. रिचार्ज कोण करतं?

"मीच मारून राहिली. तुह्या नावाचे मेसेज येतेत त्याच्यावर. बंद कसा पडू देऊ?"

मी आभार मानले आणि ठेवला. चार मिनिटं अकरा सेकंद.

८ मार्च

आयकराच्या साइटवर त्या वर्षाची माझी सगळी माहिती उघडली. पगार — बरोबर. बचत खात्याचं व्याज — बरोबर. आणि खाली एक ओळ : मुदत ठेवीचं व्याज, लाखांदूरची एक बँक. माझी कुठलीही मुदत ठेव नाही. नव्हती.

लाखांदूरचं एकच खातं मला माहीत आहे — माझं आणि विमलाबाईंचं जोडखातं, घरखर्चाचं. दर महिन्याला अर्धा पगार मी त्यात टाकायचे. कधी हिशेब विचारला नाही. म्हणजे माझा अर्धा पगार खाऊन वर माझ्या पॅनवर स्वतःचे पैसे लपवले!

त्या ओळीसमोर पर्याय असतात. मी निवडला — 'ही माहिती माझी नाही'. नोंदवून टाकलं.

बाबांना सांगितलं. ते अंगणात माझी गाडी पुसत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज पुसतात. म्हणाले, "लुटारू होत ते, लुटारू! तुले गाडी कोणं घेऊन देली? वकील कोणं करून देला? बापानं. ध्यानात ठेव."

ध्यानात आहे. रोजच असतं.

९ मार्च, रविवार

विमलाबाईंना फोन केला आणि स्पष्ट बोलले. माझ्या नावावर ठेव का ठेवली, कोणाला विचारून, असलं काही पुन्हा निघालं तर तक्रार करीन. आवाज चढवला नाही. शब्द आधी कागदावर लिहून घेतले होते.

त्या म्हणाल्या, "तुले तुह्या बाबानं काही सांगतलं नाही काय व?"

"बाबांना मध्ये आणू नका."

"बरं बाई."

ठेवला. ठरवलेलं सगळं बोलून झालं होतं, तरी कागद हातात धरून बसले.

१२ मार्च

पुलाच्या स्लॅबच्या काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब मशीनमध्ये दाबून फोडले. सात दिवसांचे. ताकदीचा आकडा चांगला आला; पक्का निकाल अठ्ठावीस दिवसांनी. सुपरवायझर प्रविण मागे लागला, "मारा ना मॅडम सही. अठ्ठावीस दिवसांनी काय सोनं होनार हाय त्याचं?" मी रिपोर्ट तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही आणि सात दिवसांवर तर नाहीच.

"तुमी तं लग्नाच्या रजिस्टरवरही वाचूनच सही केली असन!"

सगळे हसले. मी टाकीतल्या पाण्याचं तापमान नोंदवलं.

लग्नाचं रजिस्टर वाचलं नव्हतं. लग्नानंतर विमलाबाईंनी पुढे केलेले बँकेचे कागदही नाही. घटस्फोटाच्या वेळी बाबांनी कागदांची चळत आणली — "इथं, इथं आन् इथं." केल्या. तेव्हा एकही ओळ डोळ्यांना दिसत नव्हती. बाहेर एवढी नेमकी असणारी मी घरात अशी.

१७ मार्च

रजा टाकून लाखांदूरला गेले. ही ठेव माझी नाही असं पत्र हवं होतं. बँकेतल्या बाई शांत होत्या. संगणकात पाहिलं, जुनं रजिस्टर काढलं.

"ठेव तुमचीच होती, मॅडम. एकट्या तुमच्या नावाची. हा अर्ज, ही तुमची सही. पैसे जोडखात्यातून वळते झालेत, दर महिन्याला."

जोडखात्यातून. म्हणजे माझा अर्धा पगार. रुपया न् रुपया. घर त्यांनी धान विकून चालवलं.

काउंटरवर उभी राहिले. मागच्या माणसाने दोनदा "बाई, सरका" म्हटलं.

ठेव आता आहे का, विचारलं. नाही. जून २०२२ मध्ये मोडली. मी एप्रिलमध्ये घर सोडलं होतं. म्हणजे सून गेल्यावर मोडून घेतली. घ्या! निदान पैसे गेले कुठे ते तरी कळलं. परतीच्या वाटेवर हेच घोकत आले. रिचार्जचं मात्र त्यात बसत नव्हतं.

मोडल्याच्या कागदांची झेरॉक्स मागितली आहे. परवा देतील.

१८ मार्च

बाबा गाडीला नवीन सीट कव्हर घालत होते. "बापाची आठवन राहीन," म्हणाले.

१९ मार्च

झेरॉक्स मिळाली. मोडल्याचा अर्ज — सही माझी. पैसे काढायची स्लिप — सही माझी. स्लिपच्या मागे पैसे घेणाऱ्याची सही — बाबांची. तारीख १७ जून २०२२. गाडी १८ जूनला घरी आली होती. गाडी आणि वकिलाची फी मिळून होते, तेवढीच रक्कम.

सोबत विमलाबाईंच्या हातची चिठ्ठी जोडलेली. 'ठेवीची पावती पोरीच्या बापाजवळ देली. पैसे तीचे तीला द्यावे.'

आयकराच्या साइटवर 'माझी नाही' काढून 'माहिती बरोबर आहे' केलं. व्याज दाखवलं. उशिराचा दंड भरला. मग दिघोरीला फोन.

"आई, मी हर्षा. आणखी एकदा आकडे लागतात."

"थांब, चष्मा घेते."

रिटर्न भरलं गेलं. गाडीची चावी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. पुलाच्या साइटवर चालत गेले.