वर गेलेलं रॉकेट शोधण्याबाबत सासऱ्यांना

तीर्थरूप मामांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचं तुमच्या कन्येकडून कळलं. आता सगळं स्वच्छ दिसत असेल, तेव्हा माझं अक्षरही दिसेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता, आणि त्या "हं"पुढे माझी बोलती बंद होते (न्यायाधीश निवृत्त झाला तरी त्याचं "हं" निवृत्त होत नाही). म्हणून हे पत्र. कुरिअरवाल्याला उद्या सकाळीच द्यायला सांगितलंय.

मी कवळ्या बनवून संसार चालवतो आणि सुटीच्या दिवशी रॉकेटं उडवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मागे तुम्ही त्यांना "खेळणी" म्हणालात. मामा, माझं रॉकेट माझ्या खांद्याएवढं उंच आहे. ते किलोमीटरभर वर जातं, मग पॅराशूट उघडून डुलत डुलत खाली येतं. प्रश्न वर जाण्याचा नाहीच. प्रश्न आहे तो खाली कुठे येतं याचा. पहिलं रॉकेट वाऱ्याबरोबर जंगलापलीकडे गेलं ते गेलंच. त्या दिवशी तुमची कन्या म्हणाली, "आता आधी शोधायचं यंत्र बसवा, मग उडवा." (तिला या विषयात काडीचाही रस नाही, हे मी इथे स्पष्ट नमूद करतो.)

आमच्या रॉकेट क्लबात एक घड्याळजी आहेत. त्यांचं मत पडलं, भोंगा बसवा. खाली पडल्यावर कोकलत राहील, आवाजामागे चालत जायचं. मला पटलं. दुसरं रॉकेट भोंग्यासकट एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानामागच्या झाडात अडकलं. शिकाऊ मंडळींपैकी प्रत्येकाला वाटलं, आपलीच गाडी बोंबलतेय. सगळ्यांनी एकदम ब्रेक दाबले. एका बाईंनी तर गाडी तिथेच सोडून शिकण्याचा विचारही सोडला. मास्तरांनी रॉकेट मला सन्मानाने परत दिलं, भोंगा मात्र पाण्याच्या बादलीत बुडवून.

मग रेडिओवाला प्रकार आणला. रॉकेटमधून बारीक टिकटिक निघते, आणि आपण पूर्वी छपरावर असायचा तसला काटेरी अँटेना हातात धरून ती ऐकत हिंडायचं. मी तो घेऊन गल्लीबोळांतून निघालो, तर एका आजींनी हाक मारून मला घरात घेतलं. त्यांचा टीव्ही गेले कित्येक दिवस बंद होता. मी दुसऱ्याच कामासाठी आलोय हे सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना ऐकू कमी येतं. टीव्हीची पिन भिंतीतून निघाली होती. ती बसवून, चहा पिऊन बाहेर आलो, तोवर तुमची कन्या माझा अँटेना घेऊन गेलेली. परतली ती रॉकेट बगलेत मारून. ओढ्यात होतं म्हणे. रॉकेटला धातूची पूड असलेला चंदेरी रंग दिल्यामुळे टिकटिक आतच कोंडली जात होती, हेही तिनेच सांगितलं. योगायोगाने लागतात असे अंदाज कधी कधी.

शेवटी गाड्यांना लावतात तसलं, सिमकार्डाचं यंत्र घेतलं. फोनच्या नकाशावर ठिपका दिसतो. चालायला नको, ऐकायला नको. दुकानदाराने विचारलं, "तुमच्या माळावर रेंज आहे का?" मी म्हणालो, असेलच. गेल्या रविवारी रॉकेट असं काही सुंदर गेलं, मामा, की क्लबातली मंडळी बराच वेळ मान वर करूनच उभी होती. मग मी फोन पाहिला. नकाशाप्रमाणे रॉकेट आमच्या स्वयंपाकघरात होतं. माळावर रेंज नसल्याने यंत्राने शेवटचा ठाऊक असलेला पत्ता धरून ठेवला होता. अंधार पडेपर्यंत शोधून आम्ही हात हलवत घरी आलो. मी त्याच दिवशी हा नाद सोडायचं ठरवलं. तुमचं म्हणणं मला पटलं, एवढंच कळवायला हे पत्र. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
जावई

ता.क. त्या रात्री जेवताना फोन वाजला. ठिपका हमरस्त्यावर होता आणि चांगला वेगात होता. रॉकेट बहुधा कडब्याच्या ट्रकात उतरलं असावं. सध्या ते तुमच्या घरामागच्या गोठ्यात आहे. कालपासून हललेलं नाही. संध्याकाळी फिरायला जाताच तुम्ही, तेव्हा वाट थोडी वाकडी करून घेऊन आलात तर बरं होईल.

ता.क. २. उचलताना टोकासमोर उभे राहू नका. पॅराशूट बाहेर फेकणारी दारू आत शिल्लक आहे की काय, याबद्दल क्लबात दुमत आहे.

ता.क. ३. बाबा, हे पाकीट चिकटवायच्या आत मी वाचलंय. ह्यांनी नाद सोडला असेल, तर चांगलंच झालं. रॉकेट माझं आहे. पहिलं सोडून सगळी मीच बांधली. हे नुसतं पेटवायचं बटण दाबतात. नीट आणा, शेपटीकडचा एक पंख नाजूक आहे. आणि येत्या रविवारी ते घेऊन तुम्हीच या. बटण दाबायला माणूस लागेल.