चौदा रकाने आणि एक खुर्ची

१२ जानेवारी, रविवार
नवी वही. जुन्या वहीत लोरेत्ताने वाणसामानाच्या याद्या केल्या. तीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचं लेखन कोणतं आणि रद्दी कोणती हे कळू नये!

संकल्प : या वर्षी स्पोर्ट बाईक बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांचा कायमचा निकाल लावणे. एक निवडणे. विकत घेणे. गेली सहा वर्षं निवडतोच आहे, पण ती पूर्वतयारीत धरावी.

आज घाटावरच्या बारमध्ये अपमान झाला. हिवाळ्यात बर्फामुळे सगळे मोटारीनेच वर येतात, त्यामुळे बाईक कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही असले क्षुद्र प्रश्न निघत नाहीत. आज फाउस्तोने काढला. हा लोरेत्ताचा धाकटा भाऊ. धंदा खाटकाचा, अक्कलही त्याच बेताची. सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, शेगडीजवळच्या खुर्च्या बाईकवाल्यांच्या आहेत, आणि तुम्ही सहा वर्षं नुसती तोंडाने चालवताय. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फादर बाईकींना आशीर्वाद द्यायला येतील तेव्हा स्वतःच्या बाईकवर या. नाहीतर बाहेरचा बाक आहेच की.

बाहेरचा बाक सायकलवाल्यांचा. घट्ट चड्ड्या घालून केळी खाणारे लोक. सगळे हसले. मीही हसलो, मोठ्या मनाने.

१९ जानेवारी, रविवार
तक्ता तयार. चौदा रकाने. ताकद, वजन, ब्रेक, आवाज, रंग, आवाजाचा रंग (हा माझा शोध), मालकांची एकूण लायकी वगैरे. मी नगरपालिकेत सर्व्हेअर आहे, मोजमाप माझ्या रक्तात आहे.

लोरेत्ताने खांद्यावरून वाकून बघितलं आणि विचारलं, पाय जमिनीला टेकतात का, हा रकाना कुठाय? मी हसलो. हिने तीस वर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलं, तेही स्कूटरवर. स्कूटर म्हणजे चाकं लावलेली खुर्ची. बाईकमधलं हिला काय कळणार? हिचं लायसन्स चौऱ्याऐंशी सालचं. त्या काळी मोटारीचं लायसन्स काढलं की मोटरसायकलचं आपोआप मिळायचं. सरकारची ढिलाई. मी वेगळी परीक्षा देऊन पास झालो आहे, दुसऱ्या खेपेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
निकाल.

डुकाटी : कारखाना इथून पाऊण तासावर. देखणी आहे, नाही म्हणत नाही. पण गावातला नोटरी, दाताचा डॉक्टर, झालंच तर नोटरीचा जावई, सगळ्यांकडे तीच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे पिकतं तिथेच रांग लागते. मेंढरं. बाद.

यामाहा : निळी. मालक भाजी आणायलासुद्धा चामड्याचा सूट घालून जातात. बाद.

कावासाकी : हिरवी. मटार खायचा असतो, त्यावर बसायचं नसतं. बाद.

बीएमडब्ल्यू : मालक गाडीवरून उतरले की हातमोजे घडी करून ठेवतात. असल्या माणसांबरोबर वाइन पिता येत नाही. बाद.

एप्रिलिया : ही का घेतली असं विचारलं तर मालक अर्धा तास उत्तर देतो. आमच्या टेबलावर अर्धा तास बोलणारा एकच पुरे. बाद.

सुझुकी : फाउस्तोकडे वीस वर्षं जुनी आहे. आणखी काही लिहायची गरज वाटत नाही. बाद.

होंडा : गुणी. गुणी बाईक आणि गुणी जावई, चारचौघांत सांगण्यासारखं काही नसतंच. कायमची बाद. दोनदा खोडली.

सगळ्या बाद झाल्या. माझी पातळी कुठे आहे हे यावरून सिद्ध होतं. फक्त बाईक राहिली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
बारमध्ये निकाल वाचून दाखवला. सातवा रकाना चालू असताना फाउस्तोने पत्ते वाटले. गाढवापुढे वाचली गीता.

बारची मालकीण योले शहात्तर वर्षांची आहे. तिने कप पुसता पुसता एवढंच विचारलं, सगळं खरं रे इव्हानो, पण कड किती? ही इथली जुनी खोड. वळणावर बाईक जितकी कलंडवाल तितकी टायरची कड घासली जाते. भित्र्याची कड कोरी राहते. योले हातात झाडू घेऊन उभ्या बाईकींमधून फिरते, टायरवर अंगठा फिरवते आणि कोरी कड बोटांनी मोजून मोठ्याने सांगते. एक बोट म्हणजे चालेल. दोन बोटं म्हणजे घरी जा, सूप पी. फाउस्तोचं टायर काठोकाठ घासलेलं असतं. खाटकाला जिवाची पर्वा कसली!

म्हणालो, योले, निवड ही बुद्धीची गोष्ट आहे. ती म्हणाली, असेल बाबा, पण बुद्धी काही टायरवर दिसत नाही.

१५ मार्च, शनिवार
शोरूम. लोरेत्ता बरोबर आली, कारण मोटार तिला हवी होती. मी विक्रेत्याला बारा प्रश्न विचारले, त्याला चार आले. तेवढ्यात मागे बघतो तर ही एका लाल होंडावर बसलेली, पर्स मांडीवर. दोन्ही पाय टेकले, म्हणाली, ही घे. विक्रेता तिच्याशी बोलायला लागला. माझे आठ प्रश्न तसेच राहिले.

होंडा घेतली.

नीट विचार केला तर मी मनातून पहिल्यापासून होंडाचाच होतो. आमची ही गोंधळून जाऊ नये म्हणून सहा फेब्रुवारीच्या नोंदीतली संबंधित ओळ जाड पेनाने झाकत आहे. (पेन संपलं. उद्या झाकीन.)

४ एप्रिल, शुक्रवार
बाईक घरी आली. आज चालवली नाही, ढग होते.

८ एप्रिल, मंगळवार
ढग नव्हते. गुडघा.

१३ एप्रिल, रविवार
सराव. औद्योगिक वसाहतीतलं गोल सर्कल, सुट्टीचं रिकामं असतं. चाळीस फेऱ्या. शिस्तबद्ध. शेवटच्या काही फेऱ्यांत तर मी जवळजवळ कलंडलो होतो. एक म्हातारा कुत्रं घेऊन उभा होता, तो विसाव्या फेरीला निघून गेला. भारावून गेला असावा.

घरी येऊन टायर तपासलं. डाव्या बाजूला अर्धं बोट घासलंय. उजवी बाजू दुकानातल्यासारखी. सर्कलला एकाच बाजूने फिरतात, हा रस्ते बांधणाऱ्यांचा मूर्खपणा. त्यांत आमचंच खातं आहे, पण मी त्या विभागात नाही.

२० एप्रिल, ईस्टर
फाउस्तो बायकोमुलांसकट जेवायला. कोकराचं मांस त्यानेच आणलं, म्हणजे बोलायचा हक्कही आणला. विचारत होता, दाजी, घाटात कधी दिसला नाहीत? सांगितलं, मी पहाटे जातो. लोरेत्ता वाढता वाढता थांबली.

खरं लिहितो, ही वही कोणी वाचत नाही. ती शेगडीजवळची खुर्ची गेली तर रविवारी कुठे जायचं ते मला माहीत नाही. आठवडाभर नगरपालिकेत मला कोणी काही विचारत नाही. त्या टेबलावर निदान कोणीतरी म्हणतं, इव्हानो, तुला काय वाटतं. अकरा वर्षं म्हणतायत. आणि घाटातल्या तिसऱ्या वळणाची मला भीती वाटते. सहा वर्षांपूर्वी जुनी बाईक त्याच्यामुळेच विकली.

हे पान फाडायचं आहे.

२६ एप्रिल, शनिवार
तोडगा सापडला. गॅरेजमध्ये लाकूड घासायचं मशीन आहे. टायरची कड म्हणजे तरी काय, रबरच. दोन्ही चाकांची दोन्हीकडची शेवटची बोटभर कड घासून काढली. वीस मिनिटांत वीस वर्षांचा अनुभव. लोक बघतात ते कडेचं शेवटचं बोट, आतलं कशाला घासायचं? विनाकारण मेहनत करणारे लोक मला आवडत नाहीत.

लोरेत्ता दारात येऊन उभी राहिली. कसला जळका वास येतोय, म्हणाली. देखभाल, म्हणालो. बराच वेळ टायरकडे बघत होती. मग म्हणाली, इव्हानो, योलेला तू अजून ओळखलं नाहीस. हिला टायरमधलं काय कळतं!

२७ एप्रिल, रविवार. आशीर्वादाचा दिवस
सकाळी सातला निघालो. बावीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. नवं इंजिन हळू चालवायचं असतं, कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय. चढावर एक सायकलवाला मला ओलांडून गेला. जाताना म्हणाला, काही मदत हवी का? तिसऱ्या वळणावर मी उतरून बाईक ढकलली. निसर्ग बघायचा होता.

वर साठसत्तर बाईकी. मी थाटात लावली, मुद्दाम योलेच्या खिडकीसमोर. फादर एजिदिओ पाणी शिंपडत आले. माझ्या बाईकवर दोनदा शिंपडलं, बहुधा जास्त चकाकत होती म्हणून. फाउस्तो म्हणाला, दाजी, मानलं तुम्हाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी मला तो बऱ्यापैकी माणूस वाटला.

मग योले झाडू घेऊन बाहेर आली.

कडेवर अंगठा फिरवला. भुवया वर गेल्या. काठोकाठ! म्हणाली. लोक जवळ आले. मी नम्रपणे डोंगराकडे बघितलं. मग तिने चष्मा लावला आणि अंगठा कडेवरून आत, मधल्या बाजूला सरकवला. नव्या टायरला साच्यातून येतात ते रबराचे बारीक केस तिथे जसेच्या तसे उभे होते. टायरच्या मध्यभागी घासलेलं, कडेला घासलेलं, आणि दोन्हींच्या मध्ये दोन दोन बोटं केस.

योले म्हणाली, इव्हानो, राजा, उभी बाईक आडवी करताना या केसाळ पट्ट्यावरून जावंच लागतं. तू कसा गेलास, उडत? फाउस्तो गुडघ्यावर बसला, बघितलं आणि म्हणाला, दाजी, ही टायरची दाढी कुठल्या न्हाव्याने केली?

एवढी माणसं एकदम हसली की खाली दरीतली कुत्री भुंकायला लागली. फादरसुद्धा वळून उभे राहिले, खांदे हलत होते.

लोरेत्ता मागून मोटारीने जेवण घेऊन आली होती. तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाली, मोटार तू आण. हेल्मेट घातलं, बाईक वळवली, निघाली. मी मोटारीने मागे होतो. चौथ्या वळणानंतर ती दिसेनाशी झाली.

११ मे, रविवार
घाटावर गेलो नाही. तक्त्याची पुनर्रचना. लोरेत्ता बाईक घेऊन जाते. बॅटरी उतरू नये म्हणून, म्हणे. माझी परवानगी आहे.

१ जून, रविवार
गॅरेजमध्ये सहज बघितलं. टायरवरचे केस गेले. उजवीकडचेही.

विचारलं. म्हणाली, तीस वर्षं हा घाटच माझी टपालाची वाट होती रे. पावसात, बर्फात, पाठीवर पत्रांची पिशवी. तिसऱ्या वळणाचं विचारलं नाही, तरी तिने आपणहून सांगितलं, तिथे आधीपासून वळणापुढच्या रस्त्याकडे बघायचं, कठड्याकडे बघायचं नाही. कठड्याकडे बघितलं की माणूस कठड्याकडेच जातो. बाईच्या जातीला सल्ला देण्याची हौस भारी. मी लिहून घेतलं.

२२ जून, रविवार
अखेर वर गेलो, लोकांना वाटू नये की मी टाळतोय. बसने.

शेगडीजवळच्या माझ्या खुर्चीत लोरेत्ता. योलेने तिचं टायर मोजलं होतं. पाऊण बोट कोरी कड. खिडकीतून ऐकू येत होतं, कोणीतरी विचारत होतं, लोरेत्ताताई, सगळ्यांत चांगली कंपनी कुठली? ती म्हणाली, जिच्यावर पाय टेकतात ती. आणि आख्खं टेबल माना डोलवत होतं! चौदा रकाने मी मांडले आणि डोलतायत एका रकान्यावर. माणसांची किंमत कळली.

मी बाहेरच्या बाकावर. योलेने कॉफी कागदी कपात दिली, सायकलवाल्यांना देते तशी. शेजारी तोच सायकलवाला, चढावरचा. अर्धं केळं पुढे केलं. खाल्लं. त्याला सायकलींच्या कंपन्यांबद्दल तीन प्रश्न विचारले, एकही धड आला नाही. या क्षेत्रात कोणीतरी शिस्त आणायला हवी.

पाचला लोरेत्ता बाहेर आली. हातात दोन हेल्मेट होती, म्हणजे घरून निघतानाच दुसरं घेतलेलं. बस साडेसहाला आहे, म्हणाली, बसतोस मागे?

फाउस्तो दारात उभा होता. सगळे दारात उभे होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बसलो. तिसऱ्या वळणावर डोळे मिटले. मग पुढे बघायचं असतं हे आठवलं आणि उघडले. पुढे सगळी दरी दिसत होती, मी ती तिथून कधी बघितलीच नव्हती.

मागची सीट बरी आहे. धरायला जागा आहे. तक्त्यात हा रकाना नव्हता.