छपरावरचे पत्रे

सान तादेओ, ग्वातेमाला

आई,
मी इथे मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मतमोजणीला मेयरसाहेबांच्या पक्षातर्फे मीच बसलो होतो. तुझी मतपत्रिका लगेच ओळखली. मक्याच्या पोत्यांवर काढतेस तशीच शेपटीवाली फुली, आणि तीही विरोधकाच्या चिन्हावर! तुझं नाव मी कुणाला सांगितलं नाही.

पण आपल्या गावात साहेबांना मतंच पडली नाहीत. साहेब म्हणाले, "निवडणुकीआधी छपराला पत्रे आमचे घेतले आणि फुली त्याला? उतरवा सगळ्यांचे!"

सुरुवात तुझ्या घरापासून करू, असं मीच सुचवलं. सख्ख्या आईला सोडलं नाही म्हटल्यावर बाकीचे मुकाट्याने देतील.

रविवारी येतो. मका खाटेखाली सरकव. शिडी काढून ठेव. आम्ही चौघं आहोत, जेवायला मक्याचे तमाल जास्त कर.

तुझाच,
मकारियो