खिशातला ठोकळा

१७ सप्टेंबर २००८, ब्रिस्टल

आला एकदाचा. अकरा दिवस वाट पाहायला लावली. खोक्यातून काढला तर हातात वीट. ह्यांनी उलटासुलटा करून पाहिला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, "हा कसला फोन, हा तर ठोकळा." तीस वर्षं विमानाच्या पंखांचं वजन ग्रॅमग्रॅमने कमी करण्यात घालवलेला नवरा. त्याला आणखी काय वाटणार!

उत्तरेकडची कुठलीशी छोटी कंपनी. हरवू शकणाऱ्या माणसांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेला स्मार्टफोन. दुकानात मिळत नाही, ओळखीत कुणाकडे नाही, आमच्या लेकीने, केतकीने, इंटरनेटवर शोधून काढला. हे जिथे जातील तिथलं लाल टिंब इथे लॅपटॉपवरच्या नकाशात दिसणार. बाजूला मोठं बटण, दाबलं की मला फोन.

अट लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. मेमरी क्लिनिकच्या सांगण्यावरून ह्यांनी एप्रिलमध्ये गाडी चालवणं सोडलं. आता बसने एकट्याने अलॉटमेंटवर, म्हणजे आमच्या भाड्याच्या मळ्यावर, जाणंही सोडावं, असं लेकीचं म्हणणं. मी म्हटलं, तो वीतभर मळा गेला तर हा माणूस गेला. बरीच वादावादी. शेवटी म्हणाली, "ओके आई, end of October पर्यंत ट्राय करू. But बाबा एकदा जरी त्याच्या रूटच्या बाहेर गेला, तू मला फोन करायचा, आणि मग तुम्ही दोघं बेसिंगस्टोकला येणार. No arguments."

बेसिंगस्टोकला तिचं घर मोठं आहे. जवळ म्हाताऱ्यांसाठी डे सेंटर आहे. मळा नाही.

१९ सप्टें.

ठोकळ्याची पहिली फेरी. नकाशाप्रमाणे हे साडेदहाला सेव्हर्न नदीच्या मधोमध. माझ्या हातून चहा सांडला. फोन केला तर शांतपणे, "अगं, बसमध्ये बसलोय. ओरडतेस कशाला?" वीस मिनिटांनी टिंब पाण्यातून निघून मळ्यावर. दुपारी तीनला बॅटरी संपली, टिंब गायब. साडेतीनला हे दारात, हातात दोन मुळे आणि चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव.

जाहिरातीत "पीस ऑफ माइंड" असं लिहिलंय. कुणाचा पीस, कुणाचं माइंड, देव जाणे.

२२ सप्टें.

हा फोन घेणाऱ्यांची एक फोरम आहे. सगळे आमच्यासारखेच, कुणाची आई, कुणाचा नवरा. निम्मे चिडलेले. लीड्सचा एक डेरेक म्हणून आहे, त्याची बायको हरवते. त्याने पहिल्याच आठवड्यात पाचपैकी दोन तारे दिलेत, पण सल्ले मात्र शहाण्यासारखे देतो. निघेपर्यंत चार्जरवरून काढू नका. निघण्याआधी पाच मिनिटं उघड्यावर उभं करा, उपग्रह सापडायला वेळ लागतो.

तेव्हापासून ह्यांना निघण्याआधी दारासमोर उभं करते. पलीकडच्या मिसेस पार्सन्सनी विचारलं, टॅक्सीची वाट बघतायत का? हे म्हणाले, "नो नो, सॅटेलाइट."

कंपनीचं पत्रही आलंय. तुमची अपेक्षा पूर्ण झाली का? पाचपैकी किती तारे? पसंत नसेल तर ३१ ऑक्टोबरच्या आत परत पाठवा. रकाना उघडला, बंद केला. आम्हा सुइणींच्या भाषेत, बाळ अजून रडलंसुद्धा नाही आणि कंपनीला वजन हवंय.

२६ सप्टें.

उपग्रहाला आपली जागा कळते कशी, हे ह्यांनी टेबलावर चार संत्री मांडून समजावलं. इतकं सुरेख की मलाही कळलं. डोळे असे चमकत होते, मला ते पंचवीस वर्षांपूर्वीचे दिसले. मग एक संत्रं सोलता सोलता विचारलं, केतकीची शाळा किती वाजता सुटते?

केतकी अडतीस वर्षांची आहे. म्हटलं, "साडेतीनला. आज मी आणते." खोटं बोलले. दुसरं काय बोलणार?

३ ऑक्टो.

दोन आठवडे, सहा फेऱ्या. नदीत पुन्हा पडलं नाही. टिंब आपलं घर, स्टॉप, ग्लॉस्टर रोड, मळा आणि तसंच उलट.

एक भानगड मात्र उघडकीस आली. येताना बेकरीसमोर दर वेळी बारा मिनिटं. डॉक्टरांनी लोणी बंद केलंय, मी घरात पोळीला तूपसुद्धा लावत नाही आणि हा गृहस्थ बाहेर पेस्ट्या हाणतोय! विचारलं तर म्हणाले, "उपग्रहाची चूक असेल." कोटाच्या खिशात भुगा सापडला. म्हणजे जे विसरायचं ते बरोबर विसरतात आणि बेकरी बरोबर आठवते.

हसू आलं. खूप दिवसांनी दोघं हसलो. केतकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "So it works!" तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा मोकळेपणा.

१० ऑक्टो.

काल दसरा. काल लिहायला हात धजला नाही, आज सगळं लिहिते.

सकाळी पाटावर नेहमीसारखी हत्यारं मांडली. ह्यांची हिशेबाची स्लाइड रूल, नट पिळायचे दोन पाने, माझी बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी. तीस वर्षं हॉस्पिटलात बाळंतपणं केली, ती नळी मी दर दसऱ्याला पूजते. यंदा ह्यांनी ठोकळाही आणून ठेवला. "हेही हत्यारच." मला कौतुक वाटलं. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायची नाही, ही माझ्या आईची शिस्त. ती मी इथे येऊनही मोडलेली नाही.

अकराला मी रक्तदाब दाखवायला डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथून लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर पाहिलं, टिंब घरीच. वा! म्हणून आरामात भाजी घेतली, केळी घेतली, एका ओळखीच्या बाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या. दीडला घरी आले. टिंब घरीच होतं. झेंडूच्या फुलाखाली. हे नव्हते.

माझ्या पाचावर धारण बसली. भाजी, केळी दारातच टाकली. मळ्यावर गेले, नाहीत. शेजारच्या वाफ्यातला म्हातारा म्हणाला, बाराच्या सुमाराला आले होते, फाटकापाशी बराच वेळ उभे होते, मग चालत निघून गेले. पोलिसांना फोन. केतकीला फोन. ती ऑफिस टाकून निघाली.

चारला केतकी पोचली आणि दहा मिनिटांनी हेही. बसने. एकटे. हातात निळ्या पट्ट्यांची एक कापडी पिशवी, तिच्यात काठोकाठ पानं. मी काही बोलायच्या आत मला म्हणाले, "अगं, सोनं नको का?"

इतकी वर्षं आम्ही मळ्याच्या फाटकाजवळच्या बीच नावाच्या झाडांच्या कुंपणाची पानं आपट्याची म्हणून वाटतो. ते कुंपण या महिन्यात कुणीतरी तोडून टाकलंय. म्हणून हे सोनं शोधत चालत सुटले. "एका बाईंच्या दारात झाड होतं. भल्या बाई. पिशवी दिली, बसपर्यंत आल्या." कुठे? ते आठवत नाही. बाईंचं नाव? नाही. पण पान बघितलं मी. मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं, कडेने पिवळं पडत आलेलं. थेट आपट्याचा भाऊ. इतक्या वर्षांत असं सोनं आमच्या घरात आलं नव्हतं.

केतकीच्या हातात त्यांनी पान ठेवलं. तिने वाकून नमस्कार केला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

१२ ऑक्टो.

केतकी फोनवर. "आई, तो फोन is useless. तुला वाटला बाबा घरी आहे."

म्हटलं, "फोन बरोबर सांगत होता गं. फोन घरीच होता. कुंकू मी लावलं, चूक माझी."

"पण रिझल्ट सेम ना?"

सेम नाही. ते परत आले. आपल्या पायांनी, विचारत विचारत, सणाचं सामान घेऊन. हे तिला पटवायला अर्धा तास लागला. मी तिच्याशी मोठ्याने बोलले, याचं वाईट वाटतंय. ती घाबरते म्हणून कडक होते. माझीच लेक. शेवटी म्हणाली, "ओके. End of October. Same rule. पण पुन्हा पूजा नाही करायचा त्याचा."

नाही करणार. पुढच्या दसऱ्याला आई वरून काय म्हणायचं ते म्हणो.

१५ ऑक्टो.

निळ्या पट्ट्यांची पिशवी धुऊन दाराजवळच्या खुंटीवर लावलीय. हे येताजाता तिला हात लावतात. "ही परत द्यायची आहे." कुणाला? "त्या ह्यांना." मग थांबतात, कपाळाला आठ्या. मला बघवत नाही. म्हटलं, राहू दे, आठवेल.

रकाना पुन्हा उघडला. तीन तारे टाकले. पुसले.

२१ ऑक्टो.

फोरमवर डेरेक बऱ्याच दिवसांनी. बायकोला आता केअर होममध्ये ठेवलंय, ती एकटी बाहेर पडत नाही, फोनची गरज उरली नाही. पण त्याने दोनाचे पाच तारे केलेत. कुणीतरी विचारलं, फोन सुधारला का? त्याने लिहिलंय, फोन तसाच आहे, भिकार. तारे उन्हाळ्याचे आहेत. सबंध उन्हाळा ती रोज एकटी तळ्यापर्यंत जाऊन आली.

दोनदा वाचलं. मला वाटत होतं मी फोन विकत घेतला. मीही उन्हाळाच घेतला होता. आमचा हिवाळ्याच्या तोंडावर आला, इतकंच.

२७ ऑक्टो.

काल हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली. पाचलाच अंधार. ह्यांचा गोंधळ होतो, दुपारी चारला झोपायचे कपडे घालून बसले. पण मळ्याच्या तीन फेऱ्या ठीक झाल्या. बेकरीसमोर बारा मिनिटं, मी काही बोलत नाही.

फराळ केला. चकल्यांचा सोऱ्या ह्यांनी फिरवला, एकेक चकली कंपासने काढल्यासारखी. एक चकली उचलून म्हणाले, "त्या बाईंना द्यायला हव्यात." मी "हो" म्हटलं आणि तेलाकडे बघत राहिले.

अजून चार दिवस.

३० ऑक्टो., भाऊबीज

सकाळी साडेदहा. पाच मिनिटं दारासमोर उभं केलं, टिंब उमटल्यावर सोडलं. आज थंडी फार. मफलर मी गुंडाळला.

११.२०. टिंब ग्लॉस्टर रोडवर, नेहमीसारखं.

११.३५. मळ्याचा स्टॉप मागे पडला. उतरले नाहीत.

११.४०. अजून पुढे. हा रूट नव्हे. फोन केला, वाजतोय, उचलत नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात असणार, त्यांना ऐकू येत नाही. अट अशी की आता केतकीला फोन करायचा. मीच कबूल केलंय.

११.५०. टिंब मोठ्या रस्त्यावरून आत वळलं. चालतायत. एक छोटी गल्ली, मी कधी नाव ऐकलेलं नाही. तिच्या मध्यावर थांबलं.

केतकीचा नंबर लावायला घेतला. मग वाटलं, आधी कोट घालावा, म्हणजे बोलता बोलता निघता येईल. दाराजवळ गेले. खुंटी रिकामी. पिशवी नाही, कोटाच्या आत घालून नेली असणार.

स्वयंपाकघरात गेले. चकल्यांचा डबा उचलला तर हलका. झाकण नीट लावलेलं. लावून ठेवलंय म्हणजे घाई नव्हती.

ती गल्ली त्याच बाईंची का, मला ठाऊक नाही. ह्यांनाही तीन आठवडे ठाऊक नव्हतं. आणि असली तर? तर दसऱ्याची गोष्ट ह्यांच्या डोक्यात अजून आहे. कुठे का असेना, आहे. मी टेबलाशी बसून रडले, पण वाईट वाटून नाही.

१२.१०. टिंब तिथेच. एखाद्या घरी चहाला बसलं की इतका वेळ जातोच.

१२.२५. हललं. मोठ्या रस्त्याकडे की आणखी आत, ते पुढच्या टिंबावरून कळेल. बॅटरी निम्मी आहे. केतकीला अजून फोन केलेला नाही. भात लावलाय, दोघांचा.